घरचे नियम

देणगीच्या खिडकीवरून आलेलं गाठोडं शिपायाने टेबलावर आणून ठेवलं, "बाई, जड आहे हां, पायावर पडलं तर आठ दिवस घरी," असं म्हणून तो गेला, आणि तिने दोरी कापून तपकिरी कागदाची एक बाजू उलगडली तेवढ्यात तिच्या उजव्या हाताची मूठ वळली. तिने वळवली नव्हती. मूठ आपली आपण वळली, आत काहीतरी धरल्यासारखी, आणि कागदाखालून पटाचा जो कोपरा दिसत होता त्याच्याकडे बघत ती तशीच उभी राहिली. शिसवी लाकूड, कडेने लाखेची तांबडी रेघ, बिजागरीचा एक खिळा बाकीच्या खिळ्यांपेक्षा मोठा. तो मोठा खिळा तिला तोंडपाठ होता. लहानपणी तासन्‌तास मान खाली घालून बसलं की माणसाला समोरचं जे दिसतं ते जन्मभर पुरतं, तिला हा खिळा पुरला होता. कागदाची दुसरी बाजू तिने डाव्या हाताने उलगडली. पट, सोंगट्यांची थैली, दोन फासे, आणि त्यांच्या बाजूला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. ते तिने उघडलं नाही. ते काय आहे हे तिच्या मुठीला तिच्याआधी कळलं होतं.

संग्रहालयाच्या तळमजल्यावरच्या या बोळकांडीसारख्या खोलीत ती एकोणतीस वर्षं जुन्या पटांच्या, सोंगट्यांच्या आणि कोड्यांच्या नोंदी करत होती. वस्तू आली की आधी मोजायची, मग मापायची, मग उजेडात धरून काय तुटलंय ते लिहायचं. त्या लिहिण्याची एक भाषा होती आणि ती तिनेच घडवली होती. 'कड उडालेली.' 'एक सोंगटी नंतरची.' 'वापराच्या खुणा.' या शेवटच्या दोन शब्दांत माणसांनी एकमेकांचं काय काय केलं असेल ते सगळं मावायचं. मागच्या कपाटात एक युद्धाच्या काळातला पट होता, त्याच्या सातव्या घरात छापलं होतं, 'गाव जाळलं, दोन घरं पुढे', आणि झाकणावर गुटगुटीत मुलं हसत होती. लाकडाचे तुकडे जोडून करायचा एक नकाशा होता, त्यातला एक अख्खा देश कुणीतरी दातांनी कुरतडून टाकला होता. एक कोड्याची पेटी होती, ती चुकीच्या बाजूने उघडली की आतून स्प्रिंगवरची सुई बाहेर यायची. तिच्या आधीच्या नोंदणीकाराला ती सुई लागली होती आणि त्याचं बोट दुधीभोपळ्यासारखं सुजलं होतं म्हणे. लोकांना वाटतं खेळ म्हणजे करमणूक. ती मनातल्या मनात म्हणायची, या माझ्याकडे, कपाटं उघडून दाखवते.

पण तिचं नाव झालं होतं ते एका रकान्यामुळे. छापील तक्त्यात माप, लाकूड, काळ, कारागीर असे रकाने पहिल्यापासून होते. तिने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शेवटी एक वाढवला, 'घरचे नियम'. पट देणाऱ्या माणसाला समोर बसवायचं आणि विचारायचं, तुमच्या घरी हा कसा खेळायचे? झाकणावर छापलेलं सांगू नका, ते मला येतं. तुमच्या घरी. लोक आधी लाजायचे आणि मग सुटायचे. एका घरात आजीला दोनदा फासे टाकायची मुभा होती, कारण तिचे गुडघे दुखायचे. एका घरात कुणी मोरीत गेलं की त्याची पाळी बुडायची, त्यामुळे घरातले तिघं जण ऐन रंगात आलेल्या डावात पाय आवळून बसायचे. एका घरात सासूची सोंगटी सुनेने मारायची नाही, आणि सुनेची मारली तर सासूने 'अगंबाई, चुकून गं' एवढं म्हणायचं. हे सगळं ती शब्दशः उतरवून घ्यायची. आणि जे खोटं असेल ते खोडायची. एकदा एक म्हाताऱ्या बाई कागदी पट घेऊन आल्या होत्या, वडिलांनी बोटीवरून आणलेला, मरायच्या आधी स्वतःच्या हाताने दिलेला. तिने शाई भिंगातून पाहिली. ती शाई त्या वडिलांच्या मरणानंतर वीस वर्षांनी निघाली होती. तिने तसं सांगितलं. बाई रडल्या, म्हणाल्या, राहू दे ना गं तेवढं, कुणाचं काय जातंय. तिने राहू दिलं नाही. "तुमची नोंद चुकीची आहे," ती म्हणाली होती, आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती. नोंद म्हणजे नोंद. त्या दिवशी बसमध्ये तिला स्वतःचा अभिमान वाटला होता.

गाठोड्यात वर ठेवलेला तक्ता तिने अखेर वाचला. अक्षर बारक्याचं होतं, तिच्या धाकट्या भावाचं, शाळेत असल्यापासून डावीकडे कलंडलेलं. माप वगैरे त्याने भरलं नव्हतं. 'घरचे नियम' या रकान्यात एकच वाक्य होतं. 'या पटावर बापाने पोटच्या मुलाचा कान फोडला.' त्याखाली लिहिलं होतं, 'हे वाक्य पाटीवर जसंच्या तसं लावणार असाल तर पट तुमचा. नाहीतर परत द्या, जाळून टाकतो.' आणि भेटीची वेळ, आज दुपारी तीन. तिने वाक्य पुन्हा वाचलं. व्याकरणाने शुद्ध होतं. फक्त त्यातला एक शब्द चुकीचा होता, आणि तो कुठला हे आता जगात तिला एकटीला माहीत होतं, कारण ज्याला माहीत होतं तो दुसरा माणूस चार महिन्यांपूर्वी वारला होता.

साडेअकराला संचालक डोकावले. खिडकीवरच्या बाईने त्यांना तक्त्याची नक्कल दाखवली होती. "बाई, हे वाक्य!" ते म्हणाले. "लोक अशा पाटीपाशी थांबतात हो. नाहीतर आपल्याकडे सगळं नुसतं लाकूड आणि लाख. सूची शुक्रवारी छापायला जातेय, त्याआधी एवढं बसवा. पहिल्याच पानावर घेऊ." तिचं माहेरचं आडनाव इथे कुणाला ठाऊक नव्हतं. ती "बघते" म्हणाली. संचालक वळले, दाराकडे चालू लागले, आणि तिला त्यांच्या डोक्यावरची जागा दिसली. उजव्या कानाच्या मागे, जिथे केस विरळ होतात आणि हाडाला थोडा उंचवटा येतो तिथे. हे तिला नेहमीच दिसायचं. बँकेच्या रांगेत पुढे उभा असलेला माणूस, बसमधली पुढच्या आसनावरची बाई, लग्न टिकलं त्या दोन वर्षांत कुशीवर झोपलेला नवरा, कुणाचंही डोकं पाठीमागून दिसलं की तिला जागा दिसायची, आणि किती जोर लागेल तेही कळायचं. राग नसायचा. नुसतं कळायचं, जसं सुताराला पाटाकडे बघून पाट कुठे तडकेल ते कळतं. म्हणून ती उजवा हात खिशात ठेवून चालायची, म्हणून तिने मूल होऊ दिलं नाही, आणि म्हणून दोन वर्षांनी नवऱ्याला कारण न सांगता ती निघून आली. इथले लोक समजायचे, बाई फार हळव्या, वस्तूला ओरखडा जाईल म्हणून हात आवरून असतात. शेजारच्या खोलीतले फोटोवाले तर तिच्यावरून विनोद करायचे, की बाई माशी मारायची तरी आधी तिची नोंद करतील. ती त्यांच्याबरोबर हसायची.

बाबा कातारी होते. पुढच्या खोलीत पायाची लेथ, मागे दोन खोल्या, सगळीकडे लाखेचा वास आणि लाकडाचा भुसा, भातातसुद्धा. ते खेळणी कातायचे, पाळण्याचे खांब कातायचे, पण जीव लावून कातायचे त्या सोंगट्या. हा पट त्यांनी दोघा मुलांसाठी केला, रंगवला, आणि पहिल्याच रविवारी बारक्याने ताईची सोंगटी "मारली!" म्हणून भिंतीकडे भिरकावली. सोंगटीचा टवका उडाला. बाबांनी तो टवका शोधून हातात घेतला आणि सोंगटीच्या उडालेल्या कडेला लावून पाहिला. मग म्हणाले, "हिला कातायला मला पाऊण तास लागला. तू मारली म्हणालास. मारणं म्हणजे काय ठाऊक आहे का तुला? लागतं. मेलेल्याला लागतं. खेळायचं तर ते कळून खेळायचं." आणि त्यांनी नियम घातला. डाव संपला की हरेल त्याने तळहात पुढे करायचा. त्याच्या जितक्या सोंगट्या मेल्या तितके रट्टे. मारायचे ते जिंकलेल्याने, बाबांच्या मापाच्या गजाने, हातभर लांबीचा, एका टोकाला पितळेची टोपी. बाबा नुसते मोजायचे. रट्टा हलका बसला तर ते म्हणायचे "कच्चा", आणि तो धरला जायचा नाही. बरोबर बसला तर "पक्का". लागोपाठ तीन कच्चे झाले तर उरलेले सगळे जिंकणाऱ्याच्या हातावर, बाबांकडून. आणि बाबांना कच्चं मारता यायचं नाही.

आई डाव मांडला की उठून मोरीत जायची आणि नळ पूर्ण सोडायची. भांडी असोत नसोत. मुलांना वाटायचं तिला ऐकू जात नाही. ती अकरा वर्षांची होती, बारक्या नऊचा, आणि ती हुशार होती, म्हणजे जिंकायचीच. पहिले तीन रविवार तिने हळू मारलं. बारक्याचा हात समोर यायचा, भुसा लागलेला, नखं चावलेली, आणि तिचा गज वाटेत मऊ पडायचा. "कच्चा. कच्चा. कच्चा. आण तुझा हात." चौथ्या रविवारी तिने हिशेब केला. पाच रट्टे जोरात मारले तर पाचच. हळू मारले तर त्यालाही लागणार, मलाही. म्हणजे जोरात मारण्यातच माया आहे. अकरा वर्षांच्या मुलीला हे असं नीट मांडता आलं नव्हतं, पण हाताला समजलं होतं. "पक्का," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लेथवर सोंगटी नेमकी उतरली की जे समाधान यायचं तेच आलं. तिला ते समाधान आवडलं. हे तिने पुढे चाळीस वर्षं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही, पण आवडलं. ती रविवारची वाट बघू लागली. पटावर बारक्याची सोंगटी तिच्या टप्प्यात आली की तिच्या दंडात काहीतरी जागं व्हायचं, आणि ती घरात जाऊन सुटू शकणारी आपली सोंगटी सोडून आधी त्याची मारायची. त्याला पळू द्यायची, कोपऱ्यात आणायची आणि मग मारायची. बारक्या रट्टे खाताना डोळे घट्ट मिटायचा. इतके घट्ट की पापण्यांना सुरकुत्या पडायच्या. रडायचा मात्र नाही, दात विचकून हसायचा, भीतीने हसू येतं ना तसं. त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तो रविवारही तसाच होता. पाच मेल्या होत्या. चार पक्के झाले. लेथचा पट्टा सैल झाला होता म्हणून बाबा उठून तिकडे गेले, पाठ करून वाकले, आणि म्हणाले, "थांबा, येतो." थांबा म्हणाले होते. मार म्हणाले नव्हते. बारक्याने डोळे मिटलेलेच ठेवून हात मागे घेतला, पोटाशी धरला, आणि हसला. तिने गज उलटा धरून, पितळेचं टोक पुढे करून, पूर्ण दंडातून फिरवला. तिला डोकं दिसत होतं, हात कुठे आहे तेही दिसत होतं, आणि तिने डोकं निवडलं. फळकुट मोडल्यासारखा आवाज झाला. त्या एका क्षणात तिला जे वाटलं ते गोड होतं, पोटापासून टाळूपर्यंत गोड, आणि पुढचं सगळं आयुष्य तिने त्या गोडीवर झाकण दाबून धरण्यात घालवलं. बारक्या कुशीवर पडला. कानातून रक्ताचा बारीक धागा निघून पटाच्या घरांवरून चालला. बाबा वळले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, तिच्या चेहऱ्याकडे, आणि तिथे त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिच्या मुठीतून गज काढून घेतला, एकेक बोट उचकटून. मग नळाच्या आवाजावरून आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते ओरडले, "मी मारलं! हात काढून घेत होता, मी मारलं त्याला!" नळ बंद झाला.

त्यानंतर पट कुणी पाहिला नाही. डॉक्टरांना पडला असं सांगितलं, घरात बाबांनी मारलं असं ठरलं, आणि तिला कुणी काही विचारलंच नाही. बारक्याचा डावा कान गेला. सतराव्या वर्षी तो घर सोडून गेला तो बापाचं तोंड न बघण्याची शपथ घेऊनच. आई गेली तेव्हा तो आला आणि बापाशी शब्द न बोलता परतला. पुढे म्हातारपणी बाबा तिच्याकडे राहायला आले. दर पहिल्या तारखेला बारक्याला फोन लावायचे, तेरा वर्षं लावला, तो उचलायचा नाही. बाबा रिंग वाजून थांबेपर्यंत कानाला धरून बसायचे, आणि ती स्वयंपाकघरातून बघायची. एक वाक्य होतं. कुठल्याही पहिल्या तारखेला म्हणता आलं असतं. ती पोळ्या लाटत राहायची. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांनी विचारलं, "बारक्या येतोय का?" ती म्हणाली, "नाही." "हं," म्हणाले, आणि चादरीवर टेकलेल्या तिच्या उजव्या हाताकडे थोडा वेळ बघून त्यांनी मान वळवली. तिथे तरी बोलायला हवं होतं. तिने चादर सारखी केली.

तीनला पाच कमी असताना बारक्या आला. एकावन्न वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, पोट सुटलेला माणूस, पेरांत वंगण मुरलेलं. खुर्ची ओढून त्याने ती तिरकी केली आणि उजवा कान तिच्याकडे करून बसला. "काय गं ताई, चहाबिहा पाजतेस की नुसतीच नोंद?"

"नोंद आधी. फोन करायचा होतास ना. खिडकीतून कशाला आणलंस?"

"फोनवर तू म्हणाली असतीस, जाऊ दे रे, गेलेल्या माणसाचं कशाला. म्हणून रीतसर आणलं. रीतसर आणलं की तुला नाही म्हणता येत नाही, माहितीये मला." त्याने पटावर टकटक केलं. "दुकान रिकामं करायला गेलो होतो. लेथच्या खाली, गोणपाटात बांधून ठेवला होता म्हाताऱ्याने. लपवून काय होणार होतं? लाव वर. त्याच्या नावासकट लाव. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचलं पाहिजे."

तिने पेन्सिल घेतली. डाव्या हाताने तक्ता सरळ केला. "घरचे नियम सांग," ती म्हणाली, शेकडो लोकांना म्हणाली होती त्याच आवाजात.

"लिहिलंय की."

"ती घटना आहे. नियम सांग."

तो हसला, दात दाखवून. मग सांगू लागला, आणि त्याने सगळं बरोबर सांगितलं, गज, पितळ, कच्चा, पक्का, आईचा नळ. ती लिहीत गेली. "आणि हे पण लिही," तो म्हणाला, "ताई हळू मारायची."

पेन्सिल थांबली.

"हळू मारायचीस तू. तो कच्चा कच्चा म्हणायचा आणि तुलाच पडायचे. मी पोरींना नेहमी सांगतो, तुमच्या आत्याने माझ्यासाठी किती मार खाल्लाय. तुझ्याकडे यायला एवढ्या धडपडतात त्या, ते काय उगाच?"

"तीन रविवार," ती म्हणाली. "तीनच. मग नाही."

"तुला आठवत नाही."

"मला सगळं आठवतं. तू डोळे मिटायचास."

तिला त्याच्या तोंडावर बोलवेना. ती उठली, कपाटातून काही काढायचं असल्यासारखी त्याच्या मागे गेली. समोर त्याचं डोकं होतं, पांढरे झालेले केस, डाव्या कानामागे जुना वण, आणि तिला जागा दिसली, इतकी स्पष्ट की तिने कपाटाची कड धरली. "तो कान मी फोडला," ती म्हणाली.

बारक्या थैलीतल्या सोंगट्या पटावर ओतत होता. त्याने एक उजेडात धरून फिरवली. त्याने ऐकलं नव्हतं. ती डाव्या बाजूला उभी होती.

"काही म्हणालीस का? इकडून बोल."

इथे सुटता आलं असतं. चहा घेतोस का, एवढं म्हटलं की झालं असतं. पट पहिल्या पानावर गेला असता, पोरी आत्याकडे येत राहिल्या असत्या, आणि मेलेल्या माणसाला आणखी काय लागणार होतं? तिचे पाय टेबलाला वळसा घालून त्याच्या उजवीकडे आले. "तुझी नोंद चुकीची आहे," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, शेजारच्या खोलीतला फोटोवाल्यांचा रेडिओ बंद झाला. "मी मारलं. बाबांनी नाही. बाबांचे दोन्ही हात लेथच्या पट्ट्यावर होते. त्यांची पाठ होती. गज माझ्या हातात होता."

"काहीतरीच काय," तो म्हणाला. "मी ऐकलं त्याला. मी मारलं म्हणून ओरडला तो."

"ओरडले. माझ्या हातातून गज काढून घेतला आणि मग ओरडले."

त्याने सोंगटी खाली ठेवली. "त्याने मार म्हणून सांगितलं असेल तुला."

"थांबा म्हणाले होते."

"मग घाबरून मारलंस. कच्चा झाला तर तुला पडतील म्हणून. अगं, लहान होतीस तू. अकरा वर्षांचं पोर."

तो तिला वाट काढून देत होता, एकेक दार उघडून धरत होता, आणि तिला ते सहन होईना. "नाही," ती म्हणाली. "मला मारावंसं वाटलं. तू हसलास आणि मला मारावंसं वाटलं. हात दिसत होता मला. मी डोकं बघून मारलं. आणि बरं वाटलं मला, बारक्या. फार बरं वाटलं."

तो उठला. खुर्ची मागे पडली. वर्तमानपत्राची गुंडाळी त्याने एका झटक्यात फाडली आणि गज बाहेर काढला, काळा पडलेला, पितळ हिरवटलेलं. त्याच्या मानेची शीर फुगली होती, ओठांवर थुंकी आली होती, आणि तो काहीतरी बोलत होता, शिव्या असाव्यात, शब्द एकमेकांवर चढत होते. ती हलली नाही. डोकं त्याच्या टप्प्यात होतं. तिने उजवा हात खिशातून काढला आणि पटावर पालथा टेकवला, सोंगट्यांच्या मधे. त्याने दोन्ही हातांनी मारलं. आधी आवाज आला, मग मधल्या दोन बोटांतून कळ निघून खांद्यापर्यंत गेली, सोंगट्या फरशीवर उडाल्या, आणि पटाची एक फळी बिजागरीपाशी चिरली. त्याने पुन्हा गज उचलला. तिने हात काढला नाही. तिला त्याचा चेहरा खालून दिसत होता आणि तो चेहरा क्षणभर निवळलेला होता, सुखी म्हणावा इतका. मग त्याला ते कळलं. गज वरच्या वर थांबला, आणि त्याने तो भिंतीकडे फेकला. तिथल्या कपाटाची काच फुटली.

दारात फोटोवाले उभे होते, हातात पुसायचं फडकं. "बाई, काय झालं? कोण हा? पोलिसांना बोलावू का?"

"माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "दार लावून घ्या."

ते गेले नाहीत, पण दार लावलं. दोन बोटं वाकडी झाली होती आणि डोळ्यांदेखत सुजत होती. बारक्या फरशीवर बसला, पडलेल्या खुर्चीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. ती त्याच्या शेजारी, उजवीकडे, खाली बसली. दुखण्याने तिला दरदरून घाम फुटला होता. माफ कर म्हणावं असं तिला वाटलं, पण तो शब्द एवढ्याला पुरेल असं वाटेना.

"दवाखान्यात चल," तो म्हणाला. आणि उठला नाही. "आई गेली तेव्हा म्हातारा समोर उभा होता माझ्या. तेव्हाही नाही बोलला."

"नाही."

"तुला कधी बोलला? की मी तुझ्यासाठी हे केलं, म्हणून?"

"कधीच नाही."

बारक्याने तळहाताने तोंड पुसलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला, नऊ वर्षांच्या मुलासारखा. "म्हणजे वाचवलं त्याने तुला," तो म्हणाला. "म्हणजे त्याला जपता येत होतं, ताई. मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला ते येतच नाही."